झोपडी खंय आसा?

२००४ सालचा एप्रिल. आमच्या शाळेच्याच खोलीत मतदान केंद्र होतं. आई तेव्हा पंच्याहत्तरीला टेकलेली. मी तिला हाताला धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. पुढे तिने माझा हात सोडला, कारण मतपेटीपर्यंत एकट्यानेच जायचं असतं हा तिचा नियम. बोटाला शाई लागली, सही म्हणून अंगठा उठला आणि ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. बराच वेळ काही आवाज नाही. मग आतून तिचा खणखणीत प्रश्न आला:

"रे झिला, झोपडी खंय आसा?"

सगळी खोली हसली. केंद्राध्यक्ष भला माणूस होता. तो जागेवरूनच म्हणाला, "आजी, तुम्हाला हवं त्या चित्रासमोरचं निळं बटण दाबा." आईने कुठलं तरी बटण दाबलं. यंत्र लांबलचक वाजलं. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "मत पडला. पेटी वराडली."

झोपडी हे प्रजा समाजवादी पक्षाचं चिन्ह. आमच्याकडे ती शेवटची दिसली १९७१ साली. म्हणजे आई तेहेतीस वर्षांपूर्वीचं चिन्ह शोधत होती. मीही तेव्हा हसलो. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट शेवटची होत होती आणि ती तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हती. राजापूर लोकसभा मतदारसंघाची ती अखेरची निवडणूक. पुढच्या खेपेला, २००९ साली, राजापूर नावाचा मतदारसंघच देशाच्या यादीत उरला नव्हता.

आमचं गाव देवगड तालुक्यातलं. राजापूर शहराशी आमचा तसा संबंध थोडाच. ते जुनं बंदर. इंग्रजांची वखार तिथे होती, शिवाजी महाराजांनी ती १६६१ साली फोडली. उन्हाळ्याची गंगा आली की आमची म्हातारी माणसं तिकडे स्नानाला जायची, एवढंच. पण १९५७ पासून २००९ पर्यंत, बावन्न वर्षं, कुणी विचारलं की तुमचा खासदार कुठला, तर आम्ही 'राजापूरचा' म्हणायचो. खालच्या बाजूला सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, वर देवगड, कणकवली आणि त्याच्याही वर राजापूरचा मुलूख. १९८१ च्या १ मेला सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा मतदारसंघाचा मोठा भाग नव्या जिल्ह्यात आला आणि नाव मात्र जुन्या जिल्ह्यातल्या गावाचं राहिलं.

या बावन्न वर्षांत राजापूरने तेरा निवडणुका पाहिल्या आणि खासदार निवडले फक्त चार. नाथ पै तीन वेळा, मधु दंडवते पाच वेळा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चार वेळा. या तेरांत काँग्रेस जिंकली एकदाच. देशात लाट कुठलीही असो, हा एवढासा लाल मातीचा पट्टा आपल्या मनासारखं करायचा. आम्हाला त्याची घमेंड होती. मलाही होती, आणि त्या घमेंडीपायी माझ्या हातून जे झालं ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे. पण आधी मूळ गोष्ट सांगायला हवी.

देशाची पहिली निवडणूक झाली तेव्हा आमचा भाग 'रत्नागिरी दक्षिण' या नावाखाली होता. काँग्रेसचे मोरेश्वर दिनकर जोशी निवडून आले. गावात तेव्हा काँग्रेस म्हणजे गांधीबाबा, एवढाच हिशेब होता. खोतीचा कायदा नुकताच झालेला. कुळं अजून खोताच्या खळ्यात उभं राहताना चप्पल काढायची. पण आतल्या आत दुसरं काही रुजत होतं. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा भरत होत्या. कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम होता. आणि मुंबईला गिरणीत गेलेले आमचे बाप तिथल्या युनियनच्या सभांतून काहीबाही ऐकून यायचे.

मग १९५७ आलं. संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटलेला. त्याच वर्षी राजापूर मतदारसंघ झाला आणि प्रजा समाजवादी पक्षाच्या तिकिटावर उभे राहिले बॅरिस्टर नाथ पै. वेंगुर्ल्याचा जन्म, बेळगावात शिक्षण, विलायतेत बॅरिस्टरी, बायको व्हिएन्नाची. वय चौतीस.

मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आंब्याला मोहोर होता एवढं आठवतं. आई मला कडेवरून उतरवून शाळेच्या दारात उभं करून आत गेली. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याचं चित्र चिकटवलेलं. चिठी हातात घ्यायची, आडोशाला जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. आई सांगायची, "बैलजोडयेच्या पेटयेक कुंकू लावललां कुणीतरी. माका वाटला, देव तो. पण मी म्हटलंय, आपला घर ता झोपडी." तिला वाचता येत नव्हतं. पण बैलजोडी ज्याच्या गोठ्यात असते तो कोण आणि झोपडीत राहतो तो कोण, हे तिला वाचल्याशिवाय कळत होतं.

नाथ पै निवडून आले. १९६२ ला आले, १९६७ ला आले. सदुसष्टच्या त्यांच्या सभेला मी सोळा वर्षांचा पोरगा गेलो होतो. देवळाच्या पटांगणात दोन गॅसबत्त्या, पुढे बायका, मागे आम्ही. वक्त्याला यायला तीन तास उशीर झालेला, कारण वाटेत दोन खाड्या आणि तरीला ओहोटी लागलेली. कुणी उठून गेलं नाही. ते आले, बोलले, आणि दिल्लीच्या संसदेत चालतं ते आमच्या पटांगणात उतरलं. मला त्यातलं सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण हा माणूस आपल्याला अडाणी समजून बोलत नाही, एवढं त्या सोळाव्या वर्षीही कळलं.

दिल्लीत त्यांनी काय केलं ते पुढे शिक्षकाच्या नोकरीत लागल्यावर वाचून समजलं. १९६० चा केंद्र सरकारी नोकरांचा संप, त्यात ते पुढे होते. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूलभूत हक्कांना कात्री लागेल अशी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यावर नाथ पैंनी विधेयक आणलं, की घटना दुरुस्त करायचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेकडेच हवा. खाजगी सदस्याचं विधेयक, पण देशभर त्यावर चर्चा झाली. ते त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही. ते गेल्यावर १९७१ साली चोविसावी घटनादुरुस्ती झाली ती त्याच वाटेने. विधेयक बरं की वाईट यावर जाणती माणसं अजून भांडतात. मला फक्त एवढंच नवल वाटतं, की चौदा वर्षं ज्या मतदारसंघात धड रस्ता नव्हता, त्याच्या खासदाराचं नाव घटनेच्या पुस्तकांत जाऊन बसलं.

१९७१ च्या जानेवारीत लोकसभा आधीच बरखास्त झालेली होती, निवडणूक तोंडावर. १७ जानेवारीला बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी सभा असते. तिथे नाथ पै बोलले आणि त्याच रात्री हृदयाने दगा दिला. १८ तारखेला रेडिओवर बातमी आली तेव्हा आई तांदूळ कांडत होती. तिने मुसळ बाजूला ठेवलं आणि त्या दिवशी पुन्हा हातात घेतलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस. त्यांची जागा आता कोण घेणार?

पक्षाने पाठवले मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात त्यांनी पोर्तुगीजांचा मार खाल्लेला होता, पण आमच्या गावाला ते कुठे माहीत? पारावर चर्चा झाली. घाटावरचा माणूस, मालवणी येत नाही, पेज-मासळी खातो की नाही कोण जाणे. आणि समोर इंदिराबाईंची 'गरिबी हटाव'ची लाट. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने नेल्या. प्रजा समाजवादी पक्षाचे अख्ख्या देशात दोन खासदार आले. त्या दोनांतला एक राजापूरचा.

मी विसाचा होतो आणि मतदानाचं वय एकवीस. आई मत देऊन आली आणि म्हणाली, "नाथान सोडलेला घर रिकामा ठेवूचा नाय." ती आमच्याकडची शेवटची झोपडी.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आकड्यांच्या पुस्तकात सापडत नाही. आमच्याकडे मतदान करायच्या त्या बायका. घरटी एक-दोन पुरुष मुंबईला. माझे वडील परळच्या गिरणीत, काका गोदीत. गावाला माणूस यायचा तो शिमग्याला, मेमध्ये नाहीतर गणपतीला, आणि एरवी यायची ती मनीऑर्डर. मतदार यादीत मात्र सगळ्यांची नावं असायची. मतदानाच्या आदल्या रात्री पक्षाचे कार्यकर्ते आमच्या ओटीवर कंदील ठेवून यादी वाचायचे. एकजण नाव घ्यायचा, दुसरा सांगायचा, "मुंबयत." मग पहिला पेन्सिलीने नावापुढे 'मुं.' लिहायचा. पानंच्या पानं 'मुं. मुं. मुं.' व्हायची. उरायच्या त्या बायका, म्हातारे आणि आमच्यासारखी शाळेतली पोरं. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१३६ बाया होत्या, सिंधुदुर्गात १,०७९. देशात बाया कमी पडत होत्या, आमच्याकडे पुरुष. बॅरिस्टर नाथ पैंना आणि प्राध्यापक दंडवत्यांना दिल्लीला पाठवलं ते या अंगठेबहाद्दर बायकांनी, हे मी ठामपणे सांगतो.

आणीबाणी आली. दंडवते बंगळूरला संसदीय समितीच्या कामासाठी गेले होते, तिथेच वाजपेयी-अडवाणींबरोबर पकडले गेले. प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. मी नुकताच प्राथमिक शिक्षक झालो होतो. सरकारी पगार, त्यामुळे तोंडाला कुलूप. आई मात्र विहिरीवर उघड विचारायची, की आपल्या माणसान चोरी केली काय दरोडो घातलो?

१९७७ चा मार्च. माझं पहिलं मत. त्या खेपेला मला निवडणुकीचं काम लागलं नव्हतं, म्हणून आईबरोबर रांगेत उभं राहता आलं. चिन्ह होतं चक्रातला नांगरधारी शेतकरी. फुलीचा शिक्का मारताना हात थरथरला, हे आजही आठवतं. दंडवते निवडून आले आणि थेट रेल्वेमंत्री झाले. गंमत बघा, ज्याच्या मतदारसंघात रुळाचा एक तुकडा नव्हता तो देशाच्या रेल्वेचा मंत्री. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तोवर आगगाडी पाहिली होती ती मुंबईतलीच.

त्यांनी पहिल्या दर्जाला हात न लावता दुसऱ्या दर्जाच्या शयनयानातल्या लाकडी फळीवर दोन इंचांचा फोम घातला. १९७४ च्या संपात काढून टाकलेल्या कामगारांना परत घेतलं. कोकण रेल्वेचा विषय मार्गी लावायला सुरुवात केली, आपटा ते रोहा हा तुकडा हाती घेतला. सरकार अडीच वर्षांतच गेलं. गाडी रोह्यापर्यंत पोचली ती १९८६ साली. रोह्यापासून आमच्यापर्यंत सह्याद्रीचे फाटे, खाड्या आणि दिल्लीची फाईल.

१९८० ला जनता पक्ष देशात भुईसपाट झाला, राजापूरला दंडवते आले. १९८४ ला इंदिराबाईंच्या हत्येनंतर काँग्रेस देशात चारशेच्या वर गेली, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३. राजापूरला पुन्हा दंडवते. त्याच निवडणुकीत मुंबईच्या गिरणगावातून डॉ. दत्ता सामंत निवडून आले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप तोवर लोकांची घरं खाऊन बसला होता. माझे वडील १९८३ साली ट्रंक घेऊन कायमचे गावी आले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीचे त्यांच्याजवळ उरले ते एक घड्याळ आणि खोकला. पण एक मात्र झालं. त्यांच्या नावापुढचा 'मुं.' खोडला गेला. चौऱ्याऐंशीला आई-बाबा पहिल्यांदा जोडीने मतदानाला गेले. आईने त्या दिवशी आठवणीने नवं लुगडं नेसलं होतं.

१९८९ ला मतदानाचं वय अठरा झालं. दंडवते पाचव्यांदा निवडून आले आणि विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात अर्थमंत्री झाले. रेल्वेमंत्री झाले जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे. एकाच्या हातात देशाची तिजोरी, दुसऱ्याच्या हातात रेल्वे, आणि दोघांच्या मनात तोच समुद्रकिनारा. रेल्वेच्या नेहमीच्या पैशातून हा मार्ग व्हायला पिढ्या गेल्या असत्या. म्हणून वेगळं महामंडळ काढलं. रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. बाकी पैसा रोखे काढून बाजारातून. जुलै १९९० मध्ये महामंडळ नोंदलं गेलं, ई. श्रीधरन प्रमुख झाले, सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. आमच्या भागात आखणीच्या खुंट्या रोवल्या गेल्या तेव्हा पोरं शाळा बुडवून बघायला गेली आणि मी त्यांना शिक्षा केली नाही.

नोव्हेंबरात सरकार पडलं. १९९१ मध्ये पुन्हा निवडणूक लागली.

आता माझी गोष्ट.

त्या वर्षी मी चाळिशीचा होतो. तीन निवडणुकांची कामं केलेला अनुभवी माणूस, म्हणून मला केंद्राध्यक्ष नेमलं. गाव माझ्या गावापासून लांबचं. निवडणुकीच्या कामावर असणाऱ्याने टपालाने मत पाठवायचं असतं. अर्ज भरायचा, मतपत्रिका येते, तिच्यावर खूण करायची, प्रतिज्ञापत्रावर साक्षीदार अधिकाऱ्याची सही घ्यायची, पाकिटात पाकीट घालून मोजणीआधी पोचेल असं पाठवायचं. १९८०, ८४, ८९, तिन्ही खेपांना मी ते केलं होतं. १९९१ ला मतपत्रिका आली. मी ती वहीत ठेवली. सही घ्यायला तालुक्याला जायला हवं होतं. उद्या जाऊ म्हटलं. मग प्रशिक्षण आलं, मग घरी गुरं विकायची होती, मग आणखी काहीतरी.

खरं कारण हे नव्हे. खरं कारण, मला वाटलं, एका मताने काय होतंय? राजापूर आहे हे. एक्काहत्तरच्या लाटेत नाही बुडालं, चौऱ्याऐंशीच्या नाही बुडालं. आता तर रेल्वेच्या खुंट्या रोवल्यात. दंडवते येणारच.

निवडणूक चालू असतानाच २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली. उरलेलं मतदान पुढे गेलं आणि देशाची हवा फिरली. पण गावची हवा त्याआधीपासून फिरत होती, ती मी शिक्षक असून बघितली नाही. मुंबईहून येणारा चाकरमानी आता युनियनच्या गोष्टी सांगत नव्हता. युनियनच उरली नव्हती. त्याचा पोरगा शाखेवर बसत होता आणि गावी येताना भगवा घेऊन येत होता. माझ्या केंद्रावर मतदान चालू असताना मी पेटी, लाख, कागदी मोहोर, मतपत्रिकांचा हिशेब यात गुंतलो होतो. रांगेत बायकाच जास्त, नेहमीसारख्या. पण तरुण पोरांचीही रांग होती आणि त्यांच्या तोंडांवर माझ्या पिढीच्या ओळखीचं काहीच दिसत नव्हतं.

निकाल लागला. काँग्रेसचे ब्रिगेडियर सुधीर सावंत निवडून आले. वीस वर्षांनी दंडवते हरले. ज्याने गाडी आणली त्याला आम्ही गाडीत बसण्याआधीच उतरवलं.

माझ्या एका मताने निकाल बदलला नसता, हे मला कळतं. पण मतपत्रिका वहीत तशीच होती, कोरी. मी ती चुलीत घातली आणि कुणाला सांगितलं नाही.

सावंत पाच वर्षं होते. १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू आले आणि सलग चार वेळा जिंकले. सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले, अभ्यासू. केंद्रात मंत्री झाले, वीज खातं सांभाळलं. पुढे २०१४ ला तेही रेल्वेमंत्री झाले, पण तोवर राजापूर नव्हतं आणि ते राज्यसभेत होते. राजापूरच्या चारांपैकी दोन खासदार रेल्वेमंत्री व्हावेत, हा योगायोग मला अजून सुटत नाही.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर खुली झाली. रोह्यापासून मंगळूरपर्यंत साडेसातशे किलोमीटरच्या वर. त्याच वर्षी आईला घेऊन मी कणकवलीहून गाडीत बसलो, डोंबिवलीला माझ्या मुलाकडे जायला. बाबा तोवर गेले होते. आईने फलाटावर आधी रुळाला वाकून नमस्कार केला, मग डब्याच्या पायरीला. खिडकीची जागा मिळाली. बोगदा आला की ती माझा मनगट धरायची, उजेड आला की सोडायची. बाकावर हात फिरवून म्हणाली, "मऊ आसा." मी तिला फोमची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा तो उंच पूल लागला, खाली झाडं मुळ्याच्या पाल्याएवढी दिसत होती, तेव्हा तिने बाहेर बघतच विचारलं:

"त्येका आपण पाडलंव. तू तरी त्येका मत दिललंस मां रे?"

मी म्हटलं, "होय."

सत्तरीला आलेल्या बाईशी धडधडत्या गाडीत मी खोटं बोललो. तिने मान हलवली, तिचं समाधान झालं. दंडवते १२ नोव्हेंबर २००५ ला गेले. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा, असं सांगून गेले होते. आई २००७ साली गेली. तेरा निवडणुका, तेरा मतं, एकही चुकवलं नाही. माझी बेरीज तिला कधी कळली नाही.

आणि मग मतदारसंघच गेला.

२००२ च्या कायद्याने पुनर्रचना आयोग बसला. २००१ ची लोकसंख्या धरून जवळजवळ सगळ्या देशाच्या सीमा नव्याने आखल्या, २००८ ला आदेश निघाला. कुलाबा, रत्नागिरी, राजापूर ही तिन्ही नावं गेली. त्यांच्या जागी रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग ही दोन आली. दापोली-गुहागर रायगडाला जोडले, पनवेल-उरण-कर्जत घाटापलीकडच्या मावळात गेले. आमच्या वाट्याला चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचा लांबच लांब मतदारसंघ आला. २००९ ला त्यात निलेश राणे जिंकले, सुरेश प्रभू हरले. पुढचा इतिहास नव्या नावाचा आहे, तो दुसऱ्या कुणी लिहावा.

गावात लोक म्हणाले, राजकारण्यांनी केलं. मी आकडे काढून बसलो. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ला ८ लाख ६८ हजार. २०११ ला ८ लाख ४९ हजार. देशाची वाढते, आमची घटते. त्याच पुनर्रचनेत ठाणे जिल्ह्यातल्या दोन जागांच्या चार झाल्या. कल्याण आणि भिवंडी हे नवे मतदारसंघ झाले. तिथे माणसं कुठून वाढली? त्यातली काही आमचीच होती. डोंबिवलीत माझ्या मुलाच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं, त्यांतली पाच आमच्या दोन तालुक्यांतली. म्हणजे राजापूरची जागा कुणी चोरली नाही. आम्हीच ती एकेका ट्रंकेतून, आणि पुढे त्याच कोकण रेल्वेने, थोडी थोडी करून तिकडे नेली.

गेल्या निवडणुकीच्या आधी गावात यादी वाचायचं काम माझ्याकडे आलं. म्हातारा निवृत्त गुरुजी, वेळ भरपूर. आता कंदील नाही, विजेचा दिवा आहे, आणि यादी छापील, फोटोसकट. पण पद्धत तीच. शेजारच्या पोराने नावं वाचली, मी पेन्सिल धरली. माझ्या मुलाचं नाव अजून आमच्याच यादीत आहे असं दिसलं. त्याने डोंबिवलीत नोंदवलंय, इथलं काढायचं राहून गेलंय. पोरगा थांबला, माझ्याकडे बघितलं.

"मुंबयत," मी म्हटलं, आणि नावापुढे 'मुं.' लिहिलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला मी रांगेत पहिला होतो.